शाळेभोवतीचा एक किलोमीटर: पायी आणि सायकलने जाता येईल असा रस्ता करून घेण्याची पद्धत

नागपूर हे चालायला आणि सायकल चालवायला सोयीचं शहर आहे. सेमिनरी हिल्सचा भाग सोडला तर चढ फारसे नाहीत, जुन्या वस्त्यांत गल्ल्यांचं जाळं आहे, आणि बऱ्याच घरांपासून शाळा, भाजीबाजार, दवाखाना दोन-तीन किलोमीटरच्या आत सापडतो. तरी पालक मुलांना गाडीवर बसवून सोडतात. का, असं विचारलं तर अंतराची तक्रार क्वचितच ऐकू येते. लोक एखाद्या चौकाचं, एखाद्या वळणाचं, फुटपाथ संपतो त्या नेमक्या जागेचं नाव घेतात. नऊशे मीटर चांगले आणि शंभर मीटर जीवघेणे असतील, तर आईच्या हिशेबात तो सगळा रस्ताच धोक्याचा ठरतो, आणि तिचा हिशेब बरोबर असतो.

म्हणून शहरभर सायकल ट्रॅक मागण्यापेक्षा एक शाळा धरा आणि तिच्याभोवतीचा एक किलोमीटर शेवटच्या फटीपर्यंत पुरा करून घ्या. २०२० च्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या केंद्राच्या उपक्रमात निवडल्या गेलेल्या ११ शहरांत नागपूर होतं. त्यामुळे कल्पना इथल्या यंत्रणेला नवी नाही. कमी पडतो तो वस्तीकडून जाणारा मोजमापासहितचा आग्रह. तो कसा तयार करायचा, हे पुढे दिलं आहे.

जागा आणि माणसं

शाळा अशी निवडा जिची बरीच मुलं जवळच राहतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तीसेक पालकांना वस्तीचा नकाशा दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘कुठे भीती वाटते?’ ज्या जागेवर बोट ठेवलं जाईल तिथे ठिपका. दहा-बारा ठिपके दोन-तीन ठिकाणी गोळा झालेले दिसतील. काम तिथून सुरू करायचं. ‘काय हवं?’ असं विचारू नका. उत्तर ‘गतिरोधक’ असंच येतं, आणि खरं दुखणं झाकलं जातं.

चार ते सहा माणसं पुरतात. त्यांत एक आजी किंवा आजोबा आणि एक सहावी-सातवीतलं मूल असू द्या. सामान थोडंच: पाच मीटरचा टेप, तीस मीटरचा टेप, खडू, फक्की (मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड), वही, स्टॉपवॉच असलेला मोबाइल, फोटोवर तारीख-वेळ-ठिकाण उमटवणारं अ‍ॅप, आणि जमल्यास एक व्हीलचेअर. फेऱ्या तीन करा: शाळा भरताना, शाळा सुटताना, आणि संध्याकाळी सातला दिवे लागल्यावर. चौथी फेरी जुलैत, पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने. पाणी कुठे साचतं आणि लोक ते टाळायला रस्त्याच्या मधोमध कुठे येतात, हे इतर कोणत्याही दिवशी दिसत नाही.

फुटपाथ मोजताना

भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. यातला ‘मोकळी’ हा शब्द धरून ठेवा. फुटपाथ तीन मीटरचा असेल, पण डीपी (विजेची पेटी), झाड, जाहिरातीचा खांब आणि उभ्या दुचाक्या यांच्यामधून ७० सेंटिमीटरच वाट उरत असेल, तर तो फुटपाथ ७० सेंटिमीटरचा. टेप नेहमी सर्वांत अरुंद जागी लावा आणि टेपसकट फोटो घ्या.

उंचीही मोजा. काठाचा दगड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. त्याहून उंच झाला की म्हातारी माणसं चढायचं टाळतात आणि खालूनच चालतात. चढण्यासाठीचा उतार एकास बारा हवा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १.८ मीटर लांबीचा उतार. प्रत्यक्षात अर्ध्या मीटरात सिमेंट ओतून दिलेलं असतं. त्यावर व्हीलचेअर मागे पडते आणि पावसात पाय घसरतो.

फुटपाथ रिकामा असूनही लोक त्यावरून का चालत नाहीत, याचं एक मोठं कारण बंगल्यांच्या फाटकांत सापडतं. दर फाटकापाशी फुटपाथ खाली उतरवलेला असतो आणि पलीकडे पुन्हा चढवलेला. शंभर मीटरमध्ये असे आठ चढउतार आले की माणूस सपाट रस्ताच पत्करतो. मागणी उलटी करा: फुटपाथची पातळी कायम राहावी, आणि चढउतार गाडीने करावा. गाडीला काठाजवळ अर्ध्या-पाऊण मीटरचा तिरका उतार पुरतो.

गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवलेला फुटपाथ खचलेला असेल तर का खचला ते लिहा. नाहीतर पुन्हा तसाच बसवला जाईल. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर दाबून बसवलेला मुरूम-खडीचा थर नसेल, नुसत्या वाळूवर गट्टू मांडले असतील, तर दोन पावसाळ्यांत लाटा उठतात. गट्टूखालची वाळू २० ते ४० मिलिमीटरच हवी. खड्डा भरायला वाळूचा जाड थर टाकला की तीच पहिल्यांदा वाहून जाते. कडेला घट्ट काठ नसेल तर गट्टू एकमेकांपासून सरकतात. जाडीही पाहा: नुसत्या चालण्याला ६० मिलिमीटरचे चालतात, पण गाड्या जिथून फुटपाथ ओलांडतात तिथे ८० मिलिमीटरचे हवेत. दुकानासमोरच्या फुटलेल्या गट्टूंचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता सिमेंट रस्त्यांची गोष्ट, कारण ती नागपुरात टाळता येत नाही. जुन्या डांबरावरच सिमेंटचा थर चढला की रस्ता १५-२० सेंटिमीटर वर येतो. मग जुना फुटपाथ रस्त्याच्या पातळीला किंवा खाली जातो, गाड्या सहज वर चढतात, आणि पाणी लोकांच्या अंगणात शिरतं. सिमेंटच्या काठापासून नालीपर्यंतचा पट्टा भरायचा राहिला तर तिथे पायरीसारखी कड तयार होते. मागून ट्रक आल्यावर सायकलवाला बाजूला होतो आणि त्या कडेवरून चाक खाली उतरतं; परत वर येताना चाक कडेला समांतर घासतं आणि माणूस सरळ रस्त्यात पडतो. दोन-तीन सेंटिमीटरची कडसुद्धा यासाठी पुरेशी आहे. कडेची खोली दर दहा मीटरवर मोजून नोंदवा. नालीवरच्या जाळ्याही बघा: सळ्या प्रवासाच्या दिशेने असतील तर सायकलचं चाक आत जातं. जाळी फिरवून बसवली की प्रश्न मिटतो. एवढ्या थोडक्यात होणारं दुसरं काम या यादीत नाही.

फुटपाथवरच्या भाजीवाल्या बाई आणि चहाचा ठेला हटवा, अशी मागणी करू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या जागेचा निर्णय नगर पथविक्रेता समितीकडे दिला आहे. शिवाय ठेले असलेला रस्ता संध्याकाळी एकट्या मुलीला जास्त सुरक्षित वाटतो. झाडं, खांब आणि ठेले एका सरळ पट्ट्यात काठाकडे, आणि १.८ मीटर सलग मोकळे, एवढं मागा.

ओलांडण्याची जागा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. फुटपाथ नसलेल्या गल्लीत मूल निभावून नेतं. चुकीच्या चौकात नाही.

पहिल्यांदा बघा, लोक प्रत्यक्षात कुठून ओलांडतात. झेब्रा साठ मीटर पुढे असेल आणि शाळेचं फाटक इथे, तर मुलं इथूनच जाणार. त्यांना रोखायला लोखंडी कठडे लावले की मुलं कठड्याच्या बाहेरच्या बाजूने, गाड्यांच्या आणखी जवळून चालतात. झेब्रा लोकांच्या वाटेवर आणायचा.

मग रस्त्याची रुंदी मोजा. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. काठी घेतलेले आजोबा ०.८ च्या आसपास चालतात. १४ मीटरचा, दुभाजक नसलेला रस्ता पहिल्या हिशेबाने १२ सेकंदांत पार होतो, दुसऱ्या हिशेबाने साडेसतरा लागतात. त्या साडेपाच सेकंदांत आजोबा रस्त्याच्या मध्यावर असतात आणि हिरवा दिवा दुसऱ्या बाजूला लागलेला असतो. म्हणून वेळ मागताना ०.८ ने भागा. डावीकडचं वळण कायम खुलं असेल तर तेही नोंदवा. पादचाऱ्याचा हिरवा दिवा तिथे कागदावरच राहतो.

दुभाजकावर थांबायला जागा असेल तर रस्ता दोन सोप्या भागांत पार होतो. पण सायकल साधारण १.८ मीटर लांब असते. दुभाजक मीटरभराचाच असेल तर पुढचं किंवा मागचं चाक गाड्यांच्या वाटेत राहतं. सायकलसकट थांबायला दोन मीटर हवेत, आणि तो भाग रस्त्याच्या पातळीला कापलेला हवा, कुंड्या-झुडपं काढून.

उभ्या गाड्या हा सर्वांत न दिसणारा धोका. पहिली-दुसरीतलं मूल सव्वा मीटरच्या आत उंच असतं. उभ्या कारमागे ते पूर्ण झाकलं जातं. मोबाइल जमिनीपासून १.१ मीटरवर धरा, मूल जिथे उभं राहून वाट बघतं तिथून दोन्ही दिशांना फोटो काढा. अधिकाऱ्यांसमोर पन्नास ओळींपेक्षा हा एक फोटो जास्त बोलतो. झेब्र्याच्या आधी, गाड्या येतात त्या बाजूला, किमान दहा मीटर पार्किंग बंद हवं.

वेग कसा मोजायचा

यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला टेपने ५० मीटर मोजा, दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेला आलं की स्टॉपवॉच सुरू, दुसरीला आलं की बंद. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो: ६ सेकंद म्हणजे ३०, ४.५ म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०. समोर कोणी अडवलेली नाही अशा शंभर गाड्या मोजा. सर्वांत वेगवान पंधरा बाजूला काढा. उरलेल्यांतली सर्वांत वेगवान जी, तिचा वेग हा तुमच्या रस्त्याचा आकडा. सरासरी देऊ नका, ती नेहमी निरुपद्रवी दिसते.

चुका दोन होतात. पिवळं जॅकेट घालून उभं राहिलं की गाड्या आपोआप हळू होतात, म्हणून झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला थांबा. आणि दूरची रेघ तिरकी बघितली की वेळ चुकते, म्हणून तिथे दुसरा माणूस हात खाली करून खूण देईल असं बघा.

वेग ताशी तीसच्या आत असावा हा आग्रह का, याचं गणित अर्जात घालाच. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ३० ची गाडी एकूण १८ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० च्या गाडीला ३५ मीटर लागतात, आणि पहिले जवळपास २१ मीटर ती ब्रेक न लागताच गेलेली असते. म्हणजे तीसची गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, तिथून पन्नासची गाडी पूर्ण वेगात निघून जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात चालणारे-सायकलवाले आणि गाड्या जिथे मिसळतात तिथे ताशी ३० ची मर्यादा मागितली आहे, ती याच कारणाने.

गतिरोधक मागण्याआधी

वस्तीतल्या लोकांनी रात्रीतून घातलेले अरुंद, उभे बंप सायकलवाल्याचे हाल करतात, गरोदर बाईला आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला त्रास देतात, आणि मोटारसायकलवाला कडेच्या फटीतून, म्हणजे नेमकं जिथून मुलं चालतात तिथून, वेग न कमी करता जातो. ताशी २५ साठीच्या गतिरोधकाचं भारतीय प्रमाण १० सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी असं आहे. वरचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. इतका रुंद असला की कमी वेगाने धक्का लागत नाही आणि जास्त वेगानेच लागतो. ३.७ मीटर वाचून कंत्राटदार चकित होतात, कारण त्यांनी घातलेला बहुधा मीटरभराचा असतो.

शाळेसमोर याहून चांगला उपाय म्हणजे उंचावलेलं क्रॉसिंग: फुटपाथच्याच उंचीचा सपाट पट्टा रस्त्यावरून पलीकडे नेलेला, दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी सौम्य उतार. मुलाला पायरी उतरावी लागत नाही, चालकाला मूल उंचावर दिसतं, आणि गाडी हळू करावीच लागते. दोन गोष्टी हमखास राहून जातात. कडेने पाणी वाहून जायला पाइप किंवा झाकलेली नाली ठेवली नाही तर पहिल्याच पावसात तळं होतं, आणि लोक ‘काढून टाका’ म्हणतात. दुसरी म्हणजे आधी सूचनाफलक आणि उतारावर परावर्तक पट्टे. ते नसतील तर रात्री दुचाकीस्वार उडतो.

अर्ज

आधी रस्ता कोणाचा ते शोधा. महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, नागपूर सुधार प्रन्यास, यांपैकी कोणाचाही असू शकतो, आणि चुकीच्या टेबलावरचा अर्ज तिथेच राहतो. महापालिकेचा असेल तर दहा झोनपैकी तुमच्या झोनचे सहायक आयुक्त आणि कार्यकारी अभियंता. डीपी हलवायचा तर महावितरण. पार्किंग आणि सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक पोलीस, प्रत महापालिकेला. नगरसेवकांनाही प्रत द्या, पण मूळ अर्ज कार्यालयातच, पोच घेऊन.

एका अर्जात एकच जागा. सात मागण्यांच्या अर्जातलं सर्वांत सोपं काम होतं आणि अर्ज निकाली निघतो. नमुना असा:

‘विषय: ______ शाळेसमोरील फुटपाथवर चालण्यासाठी १.८ मीटर मोकळी रुंदी मिळण्याबाबत.
महोदय, शाळेच्या फाटकापासून ______ चौकाकडे जाताना पश्चिमेच्या फुटपाथवर डीपीजवळ मोकळी रुंदी ०.७ मीटर आहे (दि. ____, सकाळी ६.५० ते ७.२०, फोटो १ ते ३). या अर्ध्या तासात ____ विद्यार्थी रस्त्यावर उतरून चालले. त्याच वेळी ५० मीटर अंतरात मोजलेला गाड्यांचा वेग ताशी ____ होता. आयआरसी १०३ नुसार किमान १.८ मीटर आवश्यक आहे. कृपया डीपीच्या बाजूने फुटपाथ रस्त्याकडे ____ मीटर वाढवावा. संयुक्त पाहणीसाठी आम्ही कोणत्याही शालेय दिवशी सकाळी ६.४५ ला जागेवर हजर राहू.’

शेवटचं वाक्य सोडू नका. दुपारी बारा वाजता केलेल्या पाहणीत रस्ता रिकामाच दिसतो.

कायद्याचा आधार शांतपणे द्या, धमकीसारखा नको. गाडी फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर चालवायला, तिथे उभी करायला केंद्राच्या २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमांनी मनाई आहे, आणि सिग्नल नसलेल्या झेब्र्यावर चालकाने थांबून वाट द्यायची आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या रचनेत प्रमाणं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणा, सल्लागार किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोग्या फुटपाथचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चाच, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच, भाग असल्याचं स्पष्ट केलं.

रस्ता नवा असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. मागायचं काय, तर कार्यादेश, रस्त्याचा आडवा छेद दाखवणारा नकाशा, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि दोष दायित्व कालावधी. त्या कालावधीत खचलेले गट्टू आणि उघड्या कडा कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या असतात. निधी नाही, हे उत्तर तिथे लागू होत नाही.

कोन लावून चाचणी

काँक्रीट ओतण्याआधी एक आठवडा वाहतुकीचे प्लास्टिकचे कोन लावून बघा. त्यासाठी झोन कार्यालय आणि वाहतूक पोलीस, दोघांची लेखी परवानगी हवी. चौकाचा कोपरा फार गोल असेल तर गाड्या वेगातच वळतात; आठ मीटर त्रिज्येचा कोपरा फक्की आणि ८-१० कोनांनी चार मीटरवर आणा. वळणारी गाडी आपसूक हळू होते आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. आधी शाळेची बस आणि पाण्याचा टँकर वळवून पाहा. मागचं चाक कोनावरून जात असेल तर रेघ सरकवा. कोन हलके असतात, तळाशी वाळूची पिशवी ठेवा, नाहीतर पहिल्या बसच्या वाऱ्याने ते रस्त्यात येतात. आधी आणि नंतर, त्याच वारी त्याच वेळी वेग मोजा.

फुटपाथच्या तोंडाशी खांब रोवताना एक गोष्ट आधीच समजून घ्या. व्हीलचेअरला जाण्यासाठी खांबांमध्ये १.२ मीटर मोकळे हवेत, आणि स्कूटर त्याहून अरुंद जागेतून जाते. म्हणजे खांब कार थांबवतात, दुचाकी नाही. दुचाकी थांबवायला फट कमी केली की पहिल्यांदा व्हीलचेअर अडते. दुचाक्यांचा उपाय काठाची योग्य उंची आणि पोलिसांची कारवाई हाच आहे.

नुसत्या रंगाने आखलेली सायकल लेन मागू नका. दुकानांच्या रस्त्यावर ती पार्किंगची पट्टी होते. ट्रॅक मागायचाच तर मोकळी रुंदी किमान दोन मीटर आणि गाड्यांच्या बाजूला ठोस काठ. एका सायकलला डुलण्यासकट मीटरभर लागतो. दीड मीटरच्या ट्रॅकमध्ये मागच्याला पुढे जाता येत नाही, मग तो रस्त्यावरच राहतो. गल्लीत ट्रॅकची गरजच नाही, तिथे वेग तीसच्या खाली आणला की पुरे.

मुलं निघतात तेव्हा

रस्ता सुधारत असताना ‘चालती बस’ सुरू करता येते: ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ, आणि घेऊन जाणारी मोठी माणसं. सहा ते आठ मुलांमागे एक, बालवाडी-पहिलीच्या चौघांमागे एक. एक पुढे, एक सर्वांत मागे. थांब्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वाट बघायची नाही, नाहीतर आठवड्यात सगळं विस्कटतं. साधारण दहा वर्षांखालच्या मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही, म्हणून मोठा रस्ता त्यांनी एकट्याने ओलांडू नये. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, हे केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातच आहे. चालायचं म्हटल्यावर ते पाळावंच लागतं.

सायकल ‘पुढे दोन वर्षं कामी येईल’ म्हणून मोठी घेऊ नका. दांडा दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर वर तीन-पाच सेंटिमीटर अंतर उरलं पाहिजे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार ओढून घ्या. रबर आणि रिममध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेतच. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा फार कमी ठेवतात, त्याने खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपून पंक्चर होते. सावलीतून उन्हात वीस अंशांचा फरक पडला तरी ५० पीएसआयच्या टायरमध्ये चार-पाच पीएसआयच वाढतात. फुटतो तो बहुतेक वेळा झिजलेला टायर. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, आणि हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर.

चालवताना उभ्या कारपासून मीटरभर लांब, कारण दार उघडतं. सिमेंटच्या कडेवर चढताना शक्य तितकं काटकोनात. डावीकडे वळणाऱ्या बसच्या आतल्या बाजूने कधीच नाही.

सावली

मार्च ते जून नागपुरात सावली हा सुरक्षिततेचाच भाग आहे. सावली नसेल तर चालणारा माणूस जवळची, म्हणजे बहुधा धोक्याची, वाट पकडतो. मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो. इमारतीची सावली तेव्हा पायाशी येऊन संपते, झाडाच्या छत्रीखेरीज काही उपयोगी पडत नाही. कडुनिंब, करंज अशी झाडं काठाकडच्या पट्ट्यात लावा, खोडाभोवती मीटरभर माती उघडी राहील असं बघा. सिमेंट खोडापर्यंत आलं की मुळं फुटपाथ उचलतात, आणि मग फुटपाथसाठी झाड तोडायची मागणी येते. खालच्या फांद्या २.२ मीटरच्या वर छाटलेल्या असाव्यात, आणि रस्त्याचा दिवा पानांत अडकत असेल तर झाड न तोडता दिव्याचा हात खाली आणायला सांगा.

काम झाल्यावर त्याच जागा, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा: वेग, मोकळी रुंदी, आणि अर्ध्या तासात गेलेली चालणारी व सायकलवरची मुलं, मुलगे-मुली वेगळे. नोव्हेंबरची मोजणी मेच्या मोजणीशी ताडू नका, उन्हाळ्यात आकडे पडतातच. पहिल्या पावसाळ्यानंतर गट्टू, नालीची झाकणं, झेब्र्याचा रंग आणि उंचावलेल्या क्रॉसिंगच्या कडेचं पाणी बघून घ्या. दोष दायित्वाची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी खचलेल्या जागांची यादी फोटोंसह झोन कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मुदत उलटल्यावर तीच दुरुस्ती नव्या निविदेची वाट बघते.